माझ्या पोटात माती किती?

त्या आठवड्यात आईची झोप उडाली ती माझ्यामुळे.

आई म्हणजे माझी नव्हे, भिंगरीची. मला जन्म दिला तो एका मोठ्या यंत्रानं. त्यात गरम प्लॅस्टिक ओतलं, गार केलं आणि मला पुढे ढकलून ते लगेच माझ्या पाठच्या भावंडाकडे वळलं. माया काही मिळाली नाही, पण अंग मिळालं. पिवळंधमक, गुळगुळीत, तळाशी निमुळतं, मधे पोट सुटलेलं आणि एका टोकाला बाळाची पाठ टेकायला उंचवटा. ओळखलंत ना? मी बाळाच्या अंघोळीचा टब. हल्ली मुक्काम बाल्कनीत.

तर आईला झोप का येईना? कूस बदलून बदलून ती एकच प्रश्न स्वतःला विचारत होती. ह्या टबात माती किती लागेल?

हसू नका. या बाईचा स्वभावच तसा आहे. मी घरात आलो तेव्हा भिंगरी नऊ दिवसांची होती आणि आई त्याहून फार मोठी नव्हती, निदान आई म्हणून. बाळाच्या टबात पाणी फार घेऊ नये, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. फार म्हणजे किती, हे तिथं लिहिलं नव्हतं. झालं! तिनं एक लिटरचा मग घेतला, मोजून पाणी ओतलं आणि पाच लिटरला माझ्या आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनानं रेघ ओढली. शेजारी आकडा. मग दहाला. मग पंधराला. बाळाला पाच पुरे होतं, पण हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडवेना. काठाच्या तीन बोटं खाली तीसची रेघ आली तेव्हा ती थांबली, आणि बाळ भुकेनं रडतंय हे तिच्या लक्षात आलं.

पुढे भिंगरी दीड वर्षाची झाली. कुणीतरी तिला माशांची चित्रं आणून दिली, पाठीला चिकट असणारी, पाण्यातही न सुटणारी. तिनं बरोबर माझ्या प्रत्येक रेघेवर एकेक मासा चिकटवला. सहा रेघा, सहा मासे. प्रत्येकाला रोज साबण लावायचा, आणि कुणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचं. वर्षं गेली. रेघा माशांखाली झाकल्या गेल्या आणि आई त्या साफ विसरली. लक्षात होत्या फक्त माझ्या, आणि मला विचारतो कोण?

भिंगरी चार वर्षांची झाली तशी मी तिला तोकडा पडू लागलो. पाय बाहेर, पाणी बाहेर, लादीवर तळं. मग माझी रवानगी बाल्कनीत झाली. पोटात चपला, कपड्यांचे चिमटे, एक फुटका चेंडू. बाबा येता जाता म्हणायचे, "अगं, हा टब भंगारात देऊन टाकू या का?" आई म्हणायची, "बघू." त्या एका शब्दावर मी सहा महिने काढले.

आणि एक दिवस शाळेतून घेवडा आला.

बाईंनी प्रत्येक मुलाला काचेच्या पेल्यात ओल्या कापसावर एक बी दिली होती. भिंगरीच्या बीला कोंब फुटला, पानं आली, मुळं पेल्यात गोल गोल फिरू लागली. भिंगरीनं शाळेत जाहीर करून टाकलं, "माझी आई ह्याला मोठ्ठं करणार आहे." हे ऐकून आईचा चेहरा पडला. कारण ह्या घरातल्या झाडांचा इतिहास काही बरा नव्हता. एक मनीप्लँट तिनं पाणी पाजून पाजून मारला होता, आणि त्या धसक्यानं एक निवडुंग तहानेनं.

"ह्या वेळी सगळं नीट मोजूनमापून करायचं," तिनं ठरवलं आणि टेप घेऊन माझ्यापुढे उकिडवी बसली. चपला आणि चिमटे बाहेर आले. लांबी ऐंशी, रुंदी पंचेचाळीस, उंची बावीस. कागदावर गुणाकार झाला आणि तिनं हाक मारली, "अरे, ऐकतोस का? सातशे ब्याण्णव लिटर माती लागणार!"

बाबा बाहेर आले. "एवढी माती आली तर घेवडा घरात राहील आणि आपण तिघं टबात."

तिनं पुन्हा हिशेब केला. एक शून्य कुठंतरी वाट चुकलं होतं. एकोणऐंशी लिटर. पण तेही खोटंच! ती मोजत होती चौकोनी खोका, आणि मी काय खोका आहे? माझा निमुळता तळ, माझा उंचवटा, यांचा काही विचार? तिलाही शंका आलीच. "खाली हा अरुंद होतो रे. शिवाय माती दबते म्हणे. कमी पडली तर मुळं उघडी राहतील. आणि जास्त आणून वर ढीग घातला तर बाल्कनीला वजन पेलेल का?"

"नाही पेललं तर खालच्या काकूंकडे बाग होईल."

"चेष्टा सुचते तुला! तिनं शाळेत सांगितलंय, अरे."

असे चार दिवस गेले. कमी की जास्त, जास्त की कमी. तिकडे पेल्यातला घेवडा मान टाकू लागला, खालचं एक पान पिवळं झालं. भिंगरी रोज शाळेतून आली की दप्तरासकट आधी पेल्यापाशी जायची आणि मग आईकडे बघायची. ते बघणं आईला पानापेक्षा जास्त लागायचं.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी ड्रिल काढलं. "तुझा हिशेब होईल तेव्हा होवो. मी भोकं तरी पाडून ठेवतो." माझ्या तळाला सात भोकं पडली. मला ओरडता आलं नाही, पण खरं सांगतो, त्या सात आवाजांत मला कळलं की आता आपल्यात पाणी राहायचं नाही. ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही, त्यानं स्वतःला टब तरी कसं म्हणावं?

रविवारी सकाळी आई आनंदानं ओरडत बाल्कनीत आली. "सुचलं! गुणाकार हवेत कशाला? पाण्यानं मोजायचं! जितके मग पाणी, तितके लिटर माती. भिंगरे, तू मोज गं."

मी मनात म्हटलं, बाई, भोकं!

"एक," भिंगरी म्हणाली. "दोन. तीन."

आई ओततेय, भिंगरी मोजतेय. नऊ झाले. आई वाकून बघते तर तळ जेमतेम ओला. "बघ, हा दिसतो त्यापेक्षा केवढा मोठा आहे!" ती चकित होऊन म्हणाली. "ह्याला खूपच माती लागणार."

चौदाव्या मगाला खालून आवाज आला. "अगं ए वरचे! चादरी वाळत घातल्यात मी!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खाली पाहिलं. मग कपाळाला हात लावला.

"सॉरी काकू! मोजमाप चाललं होतं!"

"कसलं? माझ्या सहनशक्तीचं?"

आई मटकन खाली बसली. "मला एक साधी कुंडी भरता येत नाही," ती पुटपुटली. हसावं की रडावं, हे तिचं अजून ठरत नव्हतं. एक डिग्री, चार दिवस आणि एक टेप, आणि उत्तर नाही. पेल्यातला घेवडा शेजारीच होता, पार वाकलेला.

भिंगरी मात्र वेगळ्याच काळजीत. ती माझ्यात डोकं घालून बघत होती. "आई, पाणी सगळं गेलं! मासे कसे जगतील?"

आणि तिनं नखानं पहिला मासा सोडवला. पळत जाऊन बादलीत सोडला. मग दुसरा. ज्या माशांना कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, ते तिनं स्वतःच्या हातानं एकेक करून हलवले. आधी खालचे, मग वरचे. सगळ्यात वरचा हट्टी होता, तो फाटत फाटत निघाला.

"आई, माशाखाली तीन लिहिलंय. आणि एक शून्य."

आई गुडघ्यांवर सरकत पुढे आली. काळी रेघ. शेजारी तिचंच अक्षर, जरा थरथरलेलं. तिनं खाली पाहिलं. पंचवीस. वीस. पंधरा. थेट पाचपर्यंत. ती बराच वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली, जणू कुणा ओळखीच्या मुलीचं पत्र सापडलं होतं.

"वेडी होते मी," ती शेवटी म्हणाली.

"होते?" बाबांनी दारातून विचारलं. पण ते रोपवाटिकेत जायला चप्पल घालत होते. तीस लिटर, वर दबण्यापुरती थोडी. वीस लिटरच्या दोन पिशव्या.

तासाभरात माझं पोट भरलं. माती रेघेपर्यंत आली, पाणी घातल्यावर दबली, पुन्हा ओंजळभर पडली. उरलेली माती काकूंच्या कोरफडीला गेली, चादरींची भरपाई म्हणून. मग आईनं श्वास रोखून घेवडा पेल्यातून काढला आणि माझ्या मधोमध ठेवला. भिंगरीनं दोन्ही हातांनी माती दाबली.

आता मी असा आहे. जड, ओला, सात भोकांचा, आणि मला त्याचं दुःख नाही. पोटात पुन्हा एक बाळ आहे, एवढं पुरे. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद अडगळीत पडला असेल, तर भंगारात देण्याआधी त्याच्या आत एकदा वाकून बघा, काय लिहिलंय ते. आणि एक विनंती. मोजायचं असेल तर आधी पाणी, मग भोकं.

घेवड्यानं दुसऱ्या दिवशी मान वर केली. आईला मात्र आता नवी काळजी लागली होती. टब गेला याचं भिंगरीला वाईट वाटत असणार, आणि तिच्याशी या विषयावर नीट बोलायला हवं. तिनं वाक्यं मनात घोळवली, भिंगरीला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाली, "भिंगरे, हा आता तुझ्या अंघोळीचा टब राहिला नाही. तुला काय वाटतंय, ते मला सांगशील?"

भिंगरीनं विचार केला, मग झारी उचलून आईच्या हातात दिली.

"ह्याला अंघोळ घालताना डोळ्यांत साबण जाऊ देऊ नकोस हं," ती म्हणाली. "मला खूप झोंबायचा."