बोटात मुरलेला पाहुणा

मी एक जुना लगदा आहे. हसू नका, मित्रांनो! माझा रंग चुन्यासारखा पांढरा, जन्म प्रयोगशाळेतला आणि मुक्काम तुर्सुनायच्या उजव्या तर्जनीत.

तुर्सुनाय नारीनच्या डोंगरात घोड्या दोहते. हे काही खायचं काम नाही. तिची चंदेरी घोडी तर दुसऱ्या कुणाला जवळ फिरकूही देत नसे. गेल्या हिवाळ्यात तुर्सुनायच्या बोटाचं हाड आतून पोकळ झालं आणि बादली उचलताना मोडलं.

"पोकळी भरली नाही, तर पुन्हा मोडेल. मग दोहणं विसरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुर्सुनाय ढसाढसा रडली. घोड्यांवाचून तिला जगणंच ठाऊक नव्हतं.

म्हणून मला, हाडातली पोकळी भरणाऱ्या लगद्याला, बोलावणं आलं. गारव्यात मी पातळ असतो, सुईतून सरसर उतरतो. ऊब लागली की मात्र दगड! सागिन ड्रायव्हरने मला बर्फाच्या पेटीत घालून बिश्केकहून आणलं. दवाखान्याआधी तुर्सुनायचं गाव लागलं आणि तिची सासू, सैरा अपा, भर रस्त्यात उभी राहिली.

"माझ्या सुनेचं बोट घेऊन चाललायस आणि भाकरीचा तुकडा न मोडता जाशील?"

सागिन गाडीतून उतरला. तो हात धूत होता, तेवढ्यात अपा गाडीपाशी गेली. "पाहुणा थंडीत आणि आपण चहा ढोसायचा? शोभतं का?" असं म्हणत तिने मला पेटीतून काढलं आणि थेट मानाच्या गादीवर बसवलं, पेटत्या शेगडीशेजारी! इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता. पण माझं अंग आखडू लागलं. माझ्या नळीवरची, ऊब दाखवणारी निळी खूण जांभळी झाली. ती लाल झाली असती, तर माझी रवानगी कचऱ्यात होती.

"अपा, हा पाहुणा उबेनं मरतो!" सागिन ओरडला.

"अगं बाई!" अपा मला घेऊन अनवाणीच धावली आणि तिने मला दारातल्या बर्फात खुपसलं. "घे बाबा, तुला गारठाच लखलाभ!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खूण तपासली, माझा एक थेंब काचेवर सोडला. तो सुरेख ओघळला. "चालेल," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी तुर्सुनायच्या हाडात उतरलो आणि पाय रोवून बसलो. मग सगळे मला विसरले.

वसंत आला. तुर्सुनाय घोडीखाली बसली. घोडीने कान मागे टाकले, तुर्सुनायच्या बोटाने जोर लावला आणि बादलीत धार वाजली. मी जिंकलो, मित्रांनो! घोडीचं दूध आंबवून पहिला कुमिस तयार झाला, तेव्हा सारं गाव जमलं. पहिला घोट सगळ्यात वडीलधाऱ्या अपाचा. पण तिने वाडग्यात बोट बुडवून आधी तुर्सुनायच्या तर्जनीला लावलं.

"आधी पाहुण्याला. घाबरू नकोस रे, गार आहे!"

सगळे खो खो हसले. तुर्सुनाय हसता हसता रडली.

आता मी थोडाच उरलो आहे. मी विरतो तिथे तिचं हाड भरतं, आणि मला त्याचं जराही दुःख नाही. एवढंच सांगतो, पाहुण्याचा मान जरूर करा, पण त्याला ऊब हवी की गारवा, हे आधी विचारा. मी मात्र आता पाहुणा नाही. उद्या पहाटे ती धार काढेल, तेव्हा मी घरचाच असेन.