उजव्या हाताची जागा

स्वरलिपीच्या पानावरची पेन्सिलीची ती खूण... स्वल्पविरामाएवढी, जराशी तिरकी, नंदिनीच्या हातची. तिथं नंदिनीनं श्वास घ्यायचा आणि मैत्रीनं सूर धरून ठेवायचा; मग मैत्रीनं घ्यायचा, तेव्हा नंदिनीनं. शेजारणींनी एकदम श्वास घ्यायचा नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं या बायकांना श्वास लागतच नाही. हे मैत्रीनंच शिकवलेलं, जर्मनीत, ड्रेस्डेनच्या या चर्चच्या कॉयरमध्ये, गायकवृंदात, पुण्याच्या नंदिनीला आणलं तेही मैत्रीनंच — हौस, दुसरं काय! खालच्या आल्टोत, म्हणजे बायकांच्या सगळ्यांत खालच्या पट्टीत, दोघीच, खांद्याला खांदा लावून.

तीनशे वर्षांपूर्वी चाल लावलेलं लॅटिन स्तोत्र. देव म्हणतो, माझ्या उजव्या हाताला बस, तुझे वैरी मी तुझ्या पायाखालचा पाट करतो. मैत्रीच्या घरात देव नव्हताच, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण हा देव तिला दिवाळीपासून फार पटायला लागला होता. बाबांनी हौसेनं नाव मैत्री ठेवलं, ते त्यांचं त्यांनी बघावं.

दिवाळीला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सुरुवातीचं गाणं मैत्रीचं होतं. आयत्या वेळी ते नंदिनीनं गायलं, मैत्रीनं बसवून दिलेल्या चालीत. मंडळातल्या वल्लरीनं नंतर सांगितलं, की नंदिनीच म्हणाली होती, देवाधर्माचं आहे, त्यांच्यात नसतं ना, उगाच तिला अवघडल्यासारखं होईल. मैत्रीनं विचारलं तेव्हा नंदिनीनं तिचा हात हातात घेतला होता. ‘‘तुझ्यासाठीच गं. मी म्हटलं, तुझ्या वाटचं मी गाते.’’ इतकं गोड, की थोबाडीत मारायचंही सुचलं नाही.

आज सुचलं होतं. सकाळची ही शेवटची तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. आत्ताच, त्या लांब सुरात खुणेच्या आधीच गप्प व्हायचं, तोंड मात्र उघडं ठेवायचं. नंदिनी सवयीनं श्वास घेईल, सुराला भोक पडेल, आणि सगळा कॉयर वळून तिच्याकडे बघेल. होऊ दे शोभा... मला झालेली तेवढी तरी.

सूर आला. मैत्री गप्प झाली. खूण आली —

नंदिनीनं श्वास घेतलाच नाही. ती धरून राहिली, दोघींचं एकटीनं; मानेची शीर फुगली, चेहरा लालबुंद झाला, आवाज चिरकायला आला तरी सोडेना. मैत्रीचं तोंड नुसतंच उघडं.

‘‘तर, आल्टो... छान,’’ कॉयरचा संचालक म्हणाला. मैत्री गप्प होती हे त्याला कळलंच नव्हतं.

नंदिनी खोकत, धापा टाकत बाकावर बसली. मग पाण्याची बाटली आधी मैत्रीपुढे केली.

‘‘घसा बसलाय ना तुझा? संध्याकाळी ताणू नकोस. तुझ्या वाटचं मी गाते.’’

तोच आवाज, तेच शब्द. ही खरंच इतकी चांगली आहे, की हिला दुसऱ्याचं गिळल्याचं कळतसुद्धा नाही? मैत्रीला तिचा राग नेहमीसारखा धरता येईना, आणि सोडवेनाही. दिवाळीला हिनं मला गप्प केलं. आज मात्र मीच मला... माझ्या हातानं, माझ्याच जागेवर उभी राहून.

‘‘घसा बरा आहे माझा,’’ ती म्हणाली. ‘‘संध्याकाळी मी गाणार आहे.’’

‘‘मग आत्ता काय झालं होतं?’’

संचालकानं पुन्हा त्याच ओळीसाठी हात उचलला. हिला सांभाळायला गायचं की हिला बुडवायला, मैत्रीला माहीत नव्हतं; तिनं पोट भरून श्वास घेतला, आणि पहिल्यांदाच त्या खुणेकडे पाहिलं नाही.