दिघोरीला न पोहोचलेली गाडी

मी बोलतेय. इकडेतिकडे काय बघता? चिखल्याच्या खदान कॉलनीत पत्र्याच्या शेडखाली उभी आहे ना, ती पांढरी गाडी म्हणजे मी. डिझेल पीत नाही, पेट्रोल पीत नाही, विजेवर चालते. मागच्या काचेवर 'विकणे आहे' असा कागद लावलाय. लोक येतात, टायरला बुटाने ठोकून बघतात आणि विचारतात, "धोका देनारी गाडी हेच का?"

होय बापा, हेच. पण धोका कोणी कोणाला दिला ते एकदा माझ्या तोंडून ऐका. मग खुशाल टायर ठोका.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं फार नाही. तिथं माणसं कमी आणि लोखंडी हात जास्त. ट्रेलरवर चढून नागपूरला आले, काचेच्या दुकानात तीन आठवडे उभी राहिले, आणि एका रविवारी विनोदभाऊंनी मला पसंत केलं. विनोदभाऊ इथल्या मॅंगनीजच्या खदानीत टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, काम करतात. माणूस वाईट नाही. फक्त चार लोक जमले की त्यांच्या अंगात येतं. दुकानातून निघताना त्यांनी माझ्यासोबत चौदा फोटो काढले. त्यात मी कमी आणि तेच जास्त होते.

कॉलनीत आले तर सगळे बघायला जमले. "अबे, चालू आहे का बंद आहे?" हाच एक प्रश्न. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असा इथल्या लोकांचा हिशेब. विनोदभाऊ प्रत्येकाला समजावून सांगत, दार उघडून दाखवत, आणि गुड्डी, म्हणजे त्यांची मुलगी, तेवढ्यात आतला स्क्रीनचा पडदा लावून गाणी बदलत बसे.

पहिल्याच दिवशी माझ्या चार्जरवर लाल दिवा लागला. विनोदभाऊंनी कंपनीचा उद्धार केला. मग वायरमन आला. तो म्हणाला, "साहेब, गाडी बराबर आहे. तुमच्या घरालेच अर्थिंग नाही." बघा, तेव्हापासूनच चूक घराची आणि बोल मला. अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, सळई गाडली. ती जागा ओली ठेवावी लागते असं वायरमननं सांगितलं. ते काम आनंदाबाईंनी आपल्याकडे घेतलं. सकाळी तुळशीला एक तांब्या आणि मला एक तांब्या.

आनंदाबाई या विनोदभाऊंच्या आई. तरुणपणी याच खदानीत दगड निवडायला होत्या. त्यांचं माहेर लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं त्यांचा एकुलता भाऊ आहे, देवाजी. दर दिवाळीला देवाजी यष्टीनं चिखल्याला यायचे, बहिणीकडून ओवाळून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी धान कापायला परत जायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. तेव्हापासून ते खाटेवर आहेत.

मग बहिणीनं का जाऊ नये? तर आनंदाबाईंना गाडी लागते. साधीसुधी नाही. डिझेलचा वास नाकात गेला की तुमसर येईपर्यंत त्यांचा जीव अर्धा होतो. देवाजी पडले तेव्हा एकदा गेल्या होत्या, तर पोचल्यावर भावाच्या खाटेशेजारी यांचीच खाट टाकावी लागली. त्यानंतर तीन भाऊबिजा त्यांनी अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. ज्या बहिणीला भाऊ भेटत नाही तिचा चंद्रच भाऊ, अशी आपल्याकडची रीत आहे.

मी आल्यावर महिन्याभरानं विनोदभाऊ आणि त्यांची बायको शुभांगी त्यांना तुमसरच्या बाजारात घेऊन गेले. आनंदाबाई हातात लिंबू आणि पदराखाली उलटीसाठी पन्नीची पिशवी धरून बसल्या होत्या. मी हळूच निघाले. वास नाही, धूर नाही, थरथर नाही. तुमसरला उतरल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"शुभांगी, मले काहीच नाही झालं वो," त्या सुनेला म्हणाल्या. "लिंबूबी नाही हुंगला मी."

मग बोनेटवर हात ठेवून मला म्हणाल्या, "बाई, तू मले दिघोरीले नेशीन का?"

खरं सांगते, मला तोवर कोणी काही मागितलंच नव्हतं. मला फक्त दाखवत होते. त्या दिवशी मी मनात म्हटलं, या बाईला मी दिघोरीला नेणार म्हणजे नेणार.

भाऊबीज ठरली. आनंदाबाईंनी आठ दिवस आधीपासून तयारी केली. लाखोळीच्या डाळीचे वडे, अनारसे, भावासाठी नवा दुपट्टा, निरांजन, कापसाच्या वाती. विनोदभाऊंनी रात्रभर मला चार्जिंगला लावलं. सकाळी सातला निघालो तेव्हा माझ्या पडद्यावर शंभरचा आकडा होता. दिघोरी एकशेतीस किलोमीटरच्या आसपास. मला ते जड नव्हतं, पोचूनही माझ्यात बाकी राहिली असती.

भंडाऱ्यापर्यंत सगळं छान झालं. भंडाऱ्याहून डावीकडे साकोली, उजवीकडे शहापूर. विनोदभाऊंनी मला उजवीकडे वळवलं.

"इकडं कुठं रे?" आनंदाबाईंनी विचारलं.

"शुभांगीचा भाऊ आहे ना तिथं, आई. अर्ध्या घंट्याचं काम. तिचीबी भाऊबीज होऊन जाईन."

आनंदाबाई काही वाईट वाटून घेणाऱ्या नाहीत. "हो ना, सुनेलेबी भाऊच आहे," त्या म्हणाल्या, आणि निरांजनाची पिशवी मांडीवर सरळ करून बसल्या.

शुभांगीनं भावाला, बाबूलालला ओवाळलं. ते अर्ध्या तासात झालंही. पण त्या दिवशी शहापूरला मंडई होती. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, ते तुम्हाला काय सांगायचं. पाव्हणेरावळे, शिंगाडे, ऊस, जिलेबी आणि भर चौकात दंडार, म्हणजे आपलं नाचगाण्याचं लोकनाट्य. बाबूलाल मंडईच्या कमिटीत होता. दंडार रंगात आली आणि गावाची लाइन गेली. माइक मेला. ढोलकी वाजते पण बोल कोणालाच ऐकू येत नाहीत.

तेवढ्यात विनोदभाऊंच्या अंगात आलं. "कायले घाबरता? माझ्या गाडीतून करंट काढता येते."

खोटं नव्हतं ते. माझ्या बॅटरीतून बाहेर वीज देण्याची सोय आहे, जोडणीचा बोर्ड डिक्कीतच होता. वेळप्रसंगी घरातला एखादा पंखा-दिवा चालावा म्हणून ती सोय. विनोदभाऊंनी मला चौकात नेऊन उभं केलं, वायर जोडली आणि माइक सुरू झाला. टाळ्या पडल्या. बाबूलालनं माइकवर जाहीर केलं, "आमच्या भाऊजींची गाडी, चिखला." मग काय विचारता? माइकपाठोपाठ चार मोठे भोंगे जोडले. मग जिलेबीवाल्याचा पंखा. मग रसवंतीची मोटर. दंडार मध्ये थांबली की वायर काढून पोरंसोरं भरून गावाभोवती फेऱ्या, त्याही पाय दाबून. माझ्या पडद्यावरचा आकडा उतरत होता. सत्तर. साठ. पन्नास. मी दाखवत होते, पण बघतो कोण? सगळे दंडार बघत होते.

दोनदा आनंदाबाई चौकापर्यंत आल्या. "विनोद, निंगायचं ना?"

"पाच मिनिट, आई."

ती पाच मिनिटं साडेतीनला संपली. मी अडतीसवर आले होते. दिघोरी अजून ऐंशी किलोमीटर. तरीही वाया गेलं नव्हतं काही. रस्त्यात लाखनीच्या अलीकडे एका पंपावर चार्जिंगचं मशीन आहे. तिथं पोचलो तेव्हा माझ्यात चोवीस होते आणि पुढे दोन गाड्या रांगेत. तास-दीड तास थांबलं असतं तर दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात आनंदाबाई भावाच्या खाटेपाशी असत्या.

विनोदभाऊ खाली उतरले, तेवढ्यात फोन आला. माझ्या बोनेटला टेकूनच बोलले ते, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. बाबूलाल होता. संध्याकाळच्या कार्यक्रमात स्टेजवर नारळ-शाल द्यायची आहे, नाव लिहून झालंय, लाइनचा भरवसा नाही, गाडी घेऊन परत या. विनोदभाऊ म्हणाले, "अरे, आई आहे सोबत." मग थोडं थांबून म्हणाले, "पायतो काहीतरी."

ते आत आले, बसले आणि माझं बटण दाबून मला बंद केलं. स्वतःच्या हातानं. मग स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, "बंद पडली. ऐन वक्तावर धोका दिला हिनं."

अहो, मी बंद पडले नव्हते. माझं एक चाकही अडखळलं नव्हतं. शुभांगी शेजारीच बसली होती, तिनं बटण बघितलं होतं. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खिडकीकडे फिरवली. तिच्याच भावाच्या कार्यक्रमाचा सवाल होता ना.

"मंग आता?" मागून आनंदाबाईंचा आवाज आला.

"आता पुढं नाही जात ते. कशीबशी शहापूरले परत जाईन तेवढी आहे."

आनंदाबाईंनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "पुढं नाही जात, तं मागं कशी जाते रे?"

"मागं उतार आहे, आई."

सपाट भंडारा-साकोली रोडवर उतार. तुम्हीच सांगा आता. आनंदाबाईंनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. विनोदभाऊंनी मला पुन्हा सुरू केलं, मी निमूट सुरू झाले, आणि आम्ही परत वळलो. मला ब्रेक होते, हॉर्न होता, दिवे होते. मी वळायला नकार देऊ शकले नाही. हे माझ्या मनाला अजून लागून आहे.

सूर्य बुडाल्यावर बाबूलालच्या अंगणात आनंदाबाईंनी निरांजन लावलं. पश्चिमेला दुजेची बारीक कोर होती. त्यांनी तिला ओवाळलं, चौथ्यांदा. त्याच वेळी चौकात माइकवर विनोदभाऊंचं नाव पुकारलं जात होतं आणि त्या माइकला वीज माझीच होती.

चिखल्याला आल्यावर गोष्ट कॉलनीभर झाली. विनोदभाऊ प्रत्येकाला सांगत, "बॅटरी धोकेबाज निंगाली. आईले भाऊबीज नाही करता आली." एकदा खोटं बोललं की त्याला रोज खाऊ घालावं लागतं. आनंदाबाई म्हणाल्या, रविवारी नेतो का? तर म्हणे, नको, जंगलात अडकलो तर? शेवटी आपलंच बोलणं खरं करायला त्यांनी माझ्या काचेवर तो कागद लावला. आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की शेजारणी विचारायला आल्या तेव्हा आनंदाबाईही म्हणाल्या, "हो ना माय, गाडीच खराब आहे." ज्या बाईसाठी मी एवढी झुरले, तिनंही तेच म्हणावं?

आपल्याकडे भाऊबीज पुनवेपर्यंत चालते. पुनवेला एक दिवस राहिला होता, तेव्हा, म्हणजे कालच, विनोदभाऊ ड्यूटीवर गेल्यावर आनंदाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. दुपट्टा, निरांजन, ताजे वडे, दोन लिंबं आणि चार पन्न्या. शेजारची चंद्रकला तुमसरपर्यंत सोबत जाणार होती. पुढे साकोलीची गाडी, मग दिघोरीची, या दोन त्यांना एकटीनं करायच्या होत्या.

"अवो आजी, दारात गाडी आहे आन् तुमी यष्टीनं जाऊन राहिल्या?" चंद्रकला म्हणाली.

"खराब आहे ते," आनंदाबाई म्हणाल्या.

चंद्रकला छत्री विसरली म्हणून घरात गेली. आनंदाबाई माझ्याजवळ आल्या. पहिल्यासारखा बोनेटवर हात ठेवला. मला वाटलं आता दोन शब्द ऐकवतील.

"तुले वाटत असन, बुढीले काही समजत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "खदानीत होती तं रोज हजेरीच्या टोकनचे आकडे वाचले मी. चोवीस होते तुझ्यात. त्यानं बटन दाबलं, तेबी दिसलं मले."

त्यांनी बोनेटवरची धूळ पदरानं पुसली.

"पन काय करू बाई? पोराचं नाव खराब करू का तुझं? तो लेक आहे. उद्या मले पानी पाजनारा तोच. तू लोखंडाची, सहन करून घेशीन."

चंद्रकला आली. दोघी फाटकातून बाहेर पडल्या. आनंदाबाईंनी पदर नाकाला लावून घेतला होता, यष्टी अजून आली पण नव्हती. माझ्या पडद्यावर तेव्हा शंभर होते. कालपासून तेवढेच आहेत.

विनोदभाऊंचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. आनंदाबाईंवर रागवायला गेले तर जमत नाही, पण दुखायचं ते दुखतंच. उद्या तिरोड्याचं कोणी गिऱ्हाईक मला बघायला येणार आहे म्हणे. त्यानं नेलं तर जाईन, त्याच्या घरची अर्थिंग नीट असो एवढंच.

तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. आनंदाबाई आज-उद्या दिघोरीहून परत निघतील. साकोलीकडून तुमसरला येणाऱ्या यष्टीत नाकाला पदर लावलेली, हातात लिंबू धरलेली म्हातारी दिसली तर उठून तिला खिडकीजवळची जागा द्या. घरी गाडी असून असे हाल कायले, असं तुम्ही विचाराल, तर ती म्हणेल, गाडी खराब आहे. तिला तसंच म्हणू द्या.