गुडघ्यामागचा डाग

पोलिओच्या तापानं गोजरचा डावा पाय लुळा पडला तेव्हा ती तीन वर्षांची होती. नगरच्या दवाखान्यात हन्नाबाई अशा मुलांच्या पायांना व्यायाम देत. त्यांनी गोजरच्या आईला, मनकर्णाला, हाताला धरून शिकवलं. गुडघा दाबून सरळ करायचा, पाऊल वर रेटायचं. पोर रडली तरी थांबायचं नाही. गुडघा आखडला तर लोखंडी पट्ट्यांचा बूट घालता येणार नाही.

गोजर रडायचीच. मनकर्णा दात आवळून पाय दाबत राही. तिचा नवरा मच्छिंद्र तेवढ्यात बाहेर निघून जाई.

बहात्तरच्या दुष्काळात मनकर्णा खडी फोडायला जाऊ लागली. एका संध्याकाळी ती परतली तर गोजर पालथी पडून कण्हत होती. गुडघ्यामागे तापल्या विळ्यानं भाजल्याचा लालभडक चट्टा होता. घोडेगावच्या बाजाराला लंगड्या जनावरांना बरं करायला डाग देणारा एक जण येई, मच्छिंद्रनं पोरीला त्याच्याकडे नेलं होतं.

"पाय कुनी धरला हुता?" मनकर्णानं विचारलं.

"मीच. तू रोज रडवतीस तिला, मला बघवत न्हाई. म्हनलं, एकदाच रडंल आन् सुटंल."

त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. सकाळी पोरीला कडेवर घेऊन तिनं नगरची एसटी धरली. जखम पाहताच हन्नाबाई तिच्यावरच कडाडल्या, लेकराला जनावर समजता का म्हणाल्या.

"मला का बोलता? ज्यानं केलं त्यो घरी बसलाय," मनकर्णा म्हणाली. "त्याला बोला."

हन्नाबाईंनी मच्छिंद्रला बोलावणं धाडलं. तो गेला नाही. मग जखम सुकल्यावर त्या स्वतःच गावात आल्या. नवी कातडी ओढली जाऊन गुडघा वाकडा झाला होता. त्यांनी अंगणात वाकळेवर गोजरला निजवलं आणि मच्छिंद्रचे हात तिच्या गुडघ्यावर ठेवले. त्यानं दाबलं. पोर किंचाळली, तसे त्याचे हात सुटले.

"तवा बरा घट्ट धरला हुता," मनकर्णा म्हणाली.

रडत रडत त्यानं पुन्हा दाबलं. मनकर्णाला त्याची जराही कीव आली नाही.

तेव्हापासून व्यायाम त्याच्याच गळ्यात पडला. पुढं दवाखान्यात प्लास्टर घालून गुडघा बराचसा सरळ झाला, पुरता नाही. बूट मिळाला आणि गोजर लंगडत का होईना शाळेत जाऊ लागली. पोरीसाठी बाप किती राबतो, असं गाव म्हणू लागलं. ते ऐकून मनकर्णाच्या अंगाची लाही होई. तिनं कुणाचा गैरसमज दूर केला नाही. मच्छिंद्रशी मात्र ती कामापुरतंच बोलत राहिली.