माळ्यावरच्या लाडक्या वस्तू

मित्रांनो, मी एक जुना माळा आहे. नाशिक रोडच्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात मी डोक्यावर आहे. मान वर करून माझ्याकडे कोणी बघत नाही. बघतात ते काहीतरी कोंबायचं असतं तेव्हाच. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तीस वर्षांपूर्वी गवंड्याने मला घाईघाईत ओतलं, तरी अजून एक तडा गेलेला नाही. तेव्हा घर रंगनाथरावांचं होतं. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई माहेरच्या दिंडोरीकडच्या. उन्हाळ्यात त्या कुरडयांचे डबे माझ्यावर ठेवायच्या, थंडी पडली की गोधड्या खाली काढायच्या. जे वर येई ते वेळेवर खालीही जाई. "माळा हाय म्हणून घर आवरलेलं ऱ्हातं," असं त्या शेजारच्या लताबाईंना सांगायच्या. त्या एका कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

पुढे रंगनाथराव गेले आणि कारभार मुलाकडे, प्रफुल्लकडे आला. या गृहस्थाला वस्तू घ्यायचा नाद आहे. गेल्या वर्षभरात त्याने एअर फ्रायर घेतला. त्यात दोनदा बटाटे करपवले. पोळ्या करायचं यंत्र घेतलं. त्यातली पोळी मांजरानेही हुंगून सोडली. पाणी प्यायची आठवण करून देणारी बाटली घेतली. आता तहान लागल्याचंही बाटलीने सांगायचं! मग पायांना मसाज करणारं यंत्र आलं, तेव्हा तर पेढे वाटायचेच बाकी होते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे सहाव्या दिवशी सगळी मंडळी माझ्याकडे मुक्कामाला.

पण खरा तमाशा डिसेंबरात असतो. 'माझ्या यंदाच्या आवडत्या खरेद्या' असा व्हिडिओ प्रफुल्ल दरवर्षी करतो. स्टुलावर चढून तो माझ्याकडचीच खोकी खाली काढतो, फडक्याने पुसतो आणि फोनपुढे हसत सांगतो, "हे मी रोज वापरतो." माझी धूळ त्याच्या कोपराला तशीच चिकटलेली असते. व्हिडिओ संपला की खोकी परत वर. एवढा निलाजरेपणा मी उंदरांतही पाहिला नाही, आणि उंदीर मी पुष्कळ पाहिलेत.

यंदा एक खरेदी चंद्रभागाबाईंनीही केली. त्यांचे गुडघे गेलेत. लताबाईंना घेऊन त्या रिक्षाने दुकानात गेल्या, तिथेच चार काठ्या चालवून पाहिल्या आणि लाल मुठीची, खाली चार पाय असलेली एक काठी घेऊन आल्या. मी मनात म्हटलं, ही पण येईल पंधरा दिवसांत वर. इथे मात्र मी चुकलो. काठीला एक दिवस सुट्टी मिळेना. तिच्या जोरावर बाई रोज फाटकापर्यंत जायच्या आणि भाजीवालीशी भांडून मेथीची जुडी घेऊन यायच्या.

व्हिडिओची वेळ आली तेव्हा प्रफुल्लची बायको शुभांगी माहेरी देवळ्याला गेली होती. सोफ्याला टेकलेली काठी प्रफुल्लच्या डोळ्यांत खुपली. "व्हिडिओत दवाखाना वाटतोय नुसता," म्हणत त्याने ती उचलली आणि माझ्यावर सरकवली. झालं की देतो म्हणाला आणि विसरला. बाईंनी दोनदा मागितली. दोन्ही वेळा फोनमधून डोकं वर न काढता "हो, देतो ना आई," एवढंच उत्तर मिळालं.

बाईंचं फाटकाकडे जाणं बंद झालं. त्या भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाऊ लागल्या. चौथ्या दिवशी, बरोबर माझ्या खाली, ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. दाराची कडी हाताला लागली म्हणून वाचल्या. काठी माझ्याजवळ होती, पण मला कुठे हात आहेत? मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचीही किळस आली.

पाचव्या दिवशी, व्हिडिओचा शेवट म्हणून, प्रफुल्लने लाइव्ह जायचं ठरवलं, म्हणजे लोक त्याच क्षणी बघणार. आईला सोफ्यावर बसवून, मसाजच्या यंत्राचं नाव घ्यायचं, असं त्याने दोनदा पढवलं. मग फोन स्टँडवर लावला.

"आई, यंदाची तुझी आवडती खरेदी कोणती?"

"काठी," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"अगं, ते मसाजचं..."

"त्यात माझा पाय एकदा बी गेला नाय." बाई फोनकडे वळल्या. "काठी मी माझी बघून घेतली. लय चांगली हाय. पण ह्यानं ती माळ्यावर टाकलीय, पाच दिस झाले. काल मी पडत होते. तुम्ही समदे बघताय ना? मग ह्याला सांगा, काढून दे म्हणावं. माझं तर काय तो ऐकत नाय."

प्रफुल्लने झडप घालून फोन बंद केला. मग स्टूल आलं, काठी खाली गेली. आईच्या नजरेला नजर न देता त्याने ती पुढे केली. बाईंनी काठीचे चारही पाय जमिनीवर दाबून पाहिले आणि "सरक," एवढंच म्हणून त्या दाराबाहेर पडल्या.

बाकीच्या लाडक्या वस्तू तासाभरात माझ्यावर परत आल्या. त्यांचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, हवं ते विकत घ्या, माझ्यावर हवं ते टाका, मी सोसेन. फक्त हात वर करण्याआधी एकदा खाली बघत जा, घरात कोण भिंत धरून चालतंय.