फोटो रंगाचा, चेंडू कुणाचा?

शनिवारी दुपारी सव्वातीनला तुळसीबाईंनी क्रीडापानावरचा मोठा फोटो पडद्यावर उघडला, आणि कॉफीचा टंबलर ओठांपाशी नेता नेता त्यांचा हात थांबला. फोटोत एक चेंडू जास्त होता.

चेन्नईच्या एका इंग्रजी दैनिकात बाई क्रीडापानाच्या फोटो एडिटर होत्या. कुठला फोटो लावायचा, केवढा लावायचा, कुठे कापायचा, हे सव्वीस वर्षं त्याच ठरवत आलेल्या. पानाखाली त्यांची मंजुरी पडल्याशिवाय पान छापायला जात नसे. जन्म तंजावरी मराठी घरातला. वडील जनकोजीबुवा कीर्तनकार. वेस्ट मांबलमच्या मठात शनिवारी संध्याकाळी कीर्तन असलं, की बाई सहाच्या ठोक्याला पर्स उचलायच्या आणि मग त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती. आजही कीर्तन होतं. पण चेंडू आडवा आला.

फोटो दैनिकाचा छायाचित्रकार रंगा यानं काढलेला. सकाळी मुलींच्या ज्युनियर हॉकीचा राज्य अंतिम सामना झाला होता. एकीकडे शहरातला बडा क्लब, दुसरीकडे गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या पोरी. एक-एक बरोबरी, चार मिनिटं उरलेली. क्लबचा एक फटका आला, गुम्मिडिपूंडीच्या गोलरक्षक श्रीनिधीनं झेप घेतली, आणि पंचांनी बघितलं तर चेंडू गोलाच्या आत पडलेला. शिट्टी झाली. श्रीनिधी हेल्मेट काढून ओरडत राहिली, ‘चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, बाजूची जाळी फाटलेली आहे, तिथून आत शिरला!’ कोण ऐकतंय? सामना संपेपर्यंत मैदानावरच्या माणसांनी जाळी सुतळीनं बांधूनही टाकली. गुम्मिडिपूंडीनं तक्रार दिली. सुनावणी सोमवारी अकराला. जिंकणारा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता, आणि श्रीनिधीचं वय पुढच्या महिन्यात ज्युनियर गटाबाहेर जाणार होतं. तिच्यासाठी पुढचं वर्ष नव्हतंच.

रंगाच्या फोटोत पोरगी हवेत आडवी तरंगत होती, मागे चार खेळाडू. झकास फोटो! फक्त चेंडू चौकटीत सापडला नव्हता. आणि आता तो होता. श्रीनिधीच्या काखेखालून, खांबाच्या बरोब्बर आत, पांढराशुभ्र.

“रंगा!” बाईंची हाक मजलाभर घुमली. “हे पिल्लू कोठून आणलं?”

“मी नाही अक्का, देवाशपथ,” रंगा धावत आला. “सिद्धार्थ सरांनी कॉम्प्युटरकडून घालून घेतला. म्हणाले, चेंडू नाही तर खेळ कसला.”

सिद्धार्थ आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला, डिजिटल विभागाचा प्रमुख. वयानं बाईंच्या निम्मा, हुद्द्यानं वरचा. हाक ऐकून तोही आलाच.

“आवडला ना, तुळसीताई? एका मिनिटात झालं काम. आता फोटोत जान आली.”

“जान होतीच हो. काढून टाका तो.”

“अहो, गोल दिलाय पंचांनी. चेंडू आत होता हे अधिकृत आहे. आपण फक्त दाखवतोय.”

“सोमवारी सुनावणी आहे त्याचीच. उद्या सकाळी अस्की लोक हा फोटो बघतील. मग त्या पोरीचं कोण ऐकेल?”

सिद्धार्थ हसला. “अस्की म्हणजे काय हो? हे कुठलं मराठी?”

“अस्की म्हणजे सगळे. साडेतीनशे वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच निघालेलं मराठी आहे, बाबा. वाटेत कुणी खोटं बोलायला शिकवलं नाही, एवढंच.”

आजूबाजूच्या टेबलांवर खुसखुस झाली. सिद्धार्थचे कान लाल झाले. “पान पाचला जायला हवं,” म्हणून तो काचेच्या खोलीत गेला.

रंगा बाईंच्या कानाशी वाकला. “अक्का, मी डोळ्यांनी पाहिलंय. चेंडू बाहेरूनच गेला. घालायचाच तर खांबाच्या बाहेर घालू की. खरं तेच दिसेल. पोरीचं भलं होईल.”

बाईंना मोह नव्हता असं नाही. त्यांनाही श्रीनिधीच्या वयाच्या दोन भाच्या होत्या. त्यांनी माउस चेंडूवर नेला; बोटभर सरकवला की झालं. पण हात पुढे जाईना.

“नाही रे,” त्या शेवटी म्हणाल्या. “आपण घातला, तर त्याच्यात नि आपल्यात फरक काय? मूळ फोटो दे मज. हात न लावलेला.”

मूळ फोटो पडद्यावर आला. चेंडूची जागा रिकामी. बाई बघत बसल्या, आणि त्यांना बुवा आठवले. कृष्णानं लोणी चोरल्याची कथा सांगताना बुवा लोण्याचं वर्णन कधी करत नसत. गोपी कुठे बघतात, यशोदा कुठे बघते, तेवढंच मान वळवून दाखवायचे. आणि समोर बसलेल्या बायांना गोळा दिसायचा, असा दिसायचा की पोरं हात पुढे करायची. घरी लहानग्या तुळसीनं विचारलं होतं, अण्णा, लोणी कुठे होतं? बुवा म्हणाले, “बघणाऱ्यांकडे बघ बाळ, सापडतं.”

बाईंनी बघणाऱ्यांकडे बघितलं. श्रीनिधीला सोडलं, मागच्या चौघींचे चेहरे एकेक करून मोठे केले. पहिली बचाव करणारी. दुसरी तशीच. तिसरी क्लबची. आणि चौथी क्लबची आघाडीची खेळाडू, जिनं फटका मारला होता ती. चारही जणींच्या माना एकाच बाजूला वळलेल्या, खांबाच्या बाहेर. गोलाच्या आत एकीचीही नजर नव्हती. फटका मारणारीनं तर चेंडू हुकल्यावर माणूस चावतो तसा खालचा ओठ दातांत धरलेला.

“अय्यो रंगा,” बाई हळूच म्हणाल्या, “चेंडू आहे की रे फोटोत. अस्कींच्या डोळ्यांत आहे.”

रंगानं बघितलं आणि डोक्याला हात लावला. इतका वेळ तोही चेंडूच शोधत होता.

पावणेपाचला सिद्धार्थ परत आला. बाईंनी त्याच्यासमोर दोन पानं ठेवली. पहिल्यावर मूळ फोटो, खाली ओळ: ‘चेंडू या छायाचित्रात नाही. खेळाडू त्याच्याकडे पाहत आहेत.’ दुसऱ्यावर त्याचा चेंडूवाला फोटो. त्याखाली बाईंनी नेटकं टाइप केलं होतं: ‘छायाचित्र: रंगा. चेंडू: सिद्धार्थ.’

“ही काय चेष्टा आहे?”

“चेष्टा कसली? ज्याचं काम त्याचं नाव, हा इथला नियम आहे. रंगानं चेंडू काढलेला नाही. तुम्ही काढलात. नाव नको?”

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. सिद्धार्थनं दुसरं पान उचलून चुरगळलं. “ठीक आहे. हा फोटोच नको. करंडकाचा लावा.”

“करंडक आत लावलाय, छोटा. मोठा हाच.”

“ताई, मी वरती सांगेन.”

“सांगा की. मीही रोज वरतीच सांगते,” बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला घेतला. “पाचपर्यंत या पानाची मंजुरी माझी आहे. ती काढून घ्यायची तर लेखी द्या. त्यात लिहा, कशासाठी काढली ते.”

सिद्धार्थनं घड्याळाकडे बघितलं. लेखी त्यानं काही दिलं नाही. पाचला आठ कमी असताना बाईंनी मंजुरी दिली, फोन बंद केला आणि सहाच्या ठोक्याला पर्स उचलली. त्या दिवशी कीर्तनात त्या पहिल्या रांगेत बसून नेहमीपेक्षा मोठ्यानं गायल्या, असं शेजारच्या कुमुदिनीमामी सांगतात.

सोमवारी सुनावणीला रंगा मूळ फाइल घेऊन गेला. श्रीनिधीनं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं. सुनावणी समितीच्या अध्यक्षांनी चष्मा वर-खाली केला. “यात चेंडू कुठे आहे?”

“नाही सर,” श्रीनिधी म्हणाली. “पण या कुठे बघताहेत ते बघा.”

अध्यक्षांनी बघितलं. मग त्यांनी क्लबच्या आघाडीच्या खेळाडूला समोर बोलावलं. “ही तूच ना? तू काय बघत होतीस?”

मुलीनं कोचकडे बघितलं. फोटोतल्या स्वतःच्या तोंडाकडे बघितलं.

“चेंडू,” ती म्हणाली. “बाहेर चालला होता.”

गोल रद्द झाला. राहिलेली चार मिनिटं बुधवारी सकाळी पुन्हा खेळायची ठरली. जिंकणं-हरणं अजून कुणाचंच नव्हतं.

रंगानं फोनवर हे सांगितलं, तेव्हा तुळसीबाईंच्या टेबलावर एक लिफाफा येऊन पडला होता. वरिष्ठांनी सुचवलेला बदल का नाकारला, याचा लेखी खुलासा चोवीस तासांत मागवला होता. बाईंनी पेन उघडलं आणि त्याच कागदाच्या तळाशी लिहिलं:

‘चेंडू नव्हता. बुधवारी सकाळी मी रजेवर आहे. चार मिनिटांचा सामना बघायला जाते आहे.’