कप उचलला की थांबणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सध्या माझ्या डोक्यावर जिरेनियमची कुंडी आहे. तक्रार नाही. खिडकीतलं ऊन मिळतं, आणि कुंडीच्या मालकीणबाई, डॉरीन पॅडफील्ड, दर गुरुवारी माझी धूळ पुसतात. गुरुवारच का, ते पुढे येईलच.

माझा जन्म पत्रं लिहिण्यासाठी आणि याद्या करण्यासाठी झाला. पण १९८९ साली माझी रवानगी इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यात एका जुन्या दारूभट्टीच्या माडीवर झाली. तिथं तीन माणसांची कंपनी होती. मालक सकाळचा चहा झाला की गिऱ्हाईक शोधत फिरतीवर. हेडली व्हाउल्स हा प्रोग्रॅम लिहिणारा. डॉरीनबाई पत्रव्यवहार, फोन आणि चहा सांभाळायच्या. मी मोजून सांगतो, तिघांत सगळ्यात जास्त काम त्याच करायच्या आणि सगळ्यात कमी बोलायच्या. हेडलीचं नेमकं उलट.

त्यांच्याकडे एक ऑपरेटिंग सिस्टीम होती. अनेक प्रोसेसरांना एकच काम वाटून देणं, ही तिची करामत. पण ती राहायची कपाटाएवढ्या यंत्रांत. कपाटं घेणार कोण? म्हणून तिला माझ्यासारख्या साध्या यंत्रात नांदवायचं ठरलं. माझ्या पोटात चार प्रोसेसरांचं एक कार्ड बसवलं. हे चौघे भलतेच हुशार, पण त्यांना ना डोळे ना हात. फाईल हवी, पडद्यावर काही काढायचंय, कोणी कळ दाबली का बघायचंय, की त्यांनी मला सांगायचं. मला म्हणायचे यजमान. काम मात्र वाढप्याचं.

"तू फक्त वाढ. डोकं चालवायला हे चौघे आहेत," हेडली मला म्हणायचा. मी वाढत होतो.

पॅरेट नदीचं पाणी सखल कुरणांत किती चढेल, ते आधीच दाखवणारा नकाशा नदीच्या खात्याला हवा होता. खात्यात माझ्यासारखीच यंत्रं होती. त्यांचे इंजिनियर मिस्टर लॉक्स्टन गुरुवारी बघायला येणार होते. त्यांना पटलं तर कंपनी तरणार. नाही पटलं तर माडीला कुलूप, डॉरीनबाई घरी, आणि हेडली मेहुण्याच्या सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, घाण्यावर फळं धुवायला. मेहुण्यानं त्याच्यासाठी रबरी बूट आणूनही ठेवले होते. मापाचे.

अडचण एकच होती. रोज सकाळी अकराच्या सुमाराला मी थिजायचो. पडद्यावरचं निळं पाणी आहे तिथंच थांबायचं. हेडली कप खाली आपटून थेट माझं बटण बंद करायचा. त्या पंधरवड्यात नऊ वेळा. मला शिव्या मिळाल्या त्या वेगळ्या.

अकराला काय होतं? चहा होतो. मग दोष किटलीचा. ती वीज ओढते म्हणून संगणक दमतो, असं हेडलीनं ठरवलं. दुसऱ्या देशात कोणी आधी प्रोग्रॅम तपासला असता. इथं किटलीची चौकशी झाली. किटली खालच्या खोगिरांच्या दुकानात गेली आणि डॉरीनबाई चार दिवस ट्रे घेऊन जिने चढल्या. मी तरीही थिजलो.

बुधवारी सकाळी हेडली डोकं धरून बसला. म्हणाला, उद्या चहाच नको.

"चहा होणार," बाई म्हणाल्या. "हेडली, ते किटलीमुळे थांबत नाही. तू कप उचललास की थांबतं."

"म्हणजे?"

"एरवी तुझा अंगठा त्या लांब कळीवर सारखा टकटक करतो. जेवायला जाताना तू यंत्र बंदच करतोस. चहाला तेवढे दोन्ही हात कपाला."

हेडलीनं हात मांडीवर ठेवले. पाणी थांबलं. त्यानं कळ दाबली. पाणी सरकलं. मित्रांनो, तो चेहरा मी विसरलेलो नाही.

झालं होतं असं. चौघांपैकी एक जण मला विचारायचा, कोणी कळ दाबली का? आणि हेडलीनं मला शिकवलं होतं की एकाचं काम उरकल्याशिवाय दुसऱ्याकडे बघायचं नाही. कळ दाबली जाईना, म्हणून मी हलेना. मी हलेना, म्हणून उरलेले तिघे ताटकळलेले.

हेडली पुटपुटला की विचारल्यावर थांबायलाच हवं ना.

"मी थांबते का?" बाईंनी विचारलं. "साखर एक की दोन, हे तुला रोज ठरवता येत नाही. मी तुझ्या टेबलाशी उभी राहिले तर मालकांचा चहा थंड होईल. मी पुढं जाते. येताना पुन्हा विचारते."

हेडलीनं कळफलक पुढे ओढला. संध्याकाळपर्यंत त्यानं माझी वाढप्याची रीत बदलली. उत्तर तयार नसेल तर तो प्रश्न बाजूला ठेवायचा, पुढच्याचं ऐकायचं, मग परत यायचं. एवढंच.

गुरुवारी मिस्टर लॉक्स्टन आले. थंडी होती. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, आल्याचं बिस्किट बुडवलं आणि माझ्यासमोर बसले. हेडलीनं हात पाठीमागे बांधले. सतरा मिनिटं कोणी एकाही कळीला शिवलं नाही. पाणी कुरणांतून सरकत राहिलं, दोन पूल बुडाले, एक शेत वाचलं.

"हे माझ्या चुलतभावाचं शेत," लॉक्स्टन म्हणाले. "आमच्या चार यंत्रांत हे बसवून द्या. आणि अजून थोडा चहा."

नंतर सहा वर्षं माझं कौतुक झालं. मग माझ्या चौघांपेक्षा एकटाच वेगवान असा नवा संगणक आला आणि मी जिन्याखाली गेलो. हेडलीनं निरोप घेतला नाही. त्याचा राग नाही. डॉरीनबाई निवृत्त होताना मला उचलून घरी घेऊन आल्या.

हेडली अजून अधूनमधून येतो. आता टक्कल पडलंय. साखर एक की दोन, विचारलं की विचारात पडतो. बाई आधी कुंडीला पाणी घालून येतात.

मित्रांनो, तुमच्याजवळचं एखादं यंत्र किंवा माणूस असंच थिजलं, तर लगेच बटणाला हात घालू नका. ते बिघडलेलं नसेल. कोणीतरी त्याला सांगून ठेवलं असेल, थांब, आणि नंतर विसरून गेलं असेल. आधी विचारा, कोणाची वाट बघतोयस?

मला एवढं नऊपैकी एकदा जरी विचारलं असतं, तर बाईंचे जिने वाचले असते.